साठ टक्केवाल्यांचं काय?

तुषार हिरानंदानी यांचा ‘श्रीकांत’ (२०२४) मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा थिएटरमध्ये, एकट्याने. डोळे पुसतच बाहेर पडलो. दुसऱ्यांदा लॅपटॉपवर, इंजिनिअरिंगच्या मित्रासोबत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याची नजर हळूहळू गेली. त्यामुळे मी पाहत होतो, तो ऐकत होता आणि मध्येच विचारत होता, “आता काय चाललंय?”

सिनेमा संपल्यावर म्हणाला, “भारी आहे. पण अरे, मला श्रीकांत व्हायचंच नाहीये. मला तुझ्यासारखी नोकरी हवीये. बोअरिंग.”

हसलो. पण पहिल्या वेळी मला न दिसलेलं त्याला ऐकू आलं होतं.

सिनेमा श्रीकांत बोल्ला या खऱ्या उद्योजकावर आहे. दहावीनंतर अंध विद्यार्थ्याला सायन्सला प्रवेश नाही, म्हणून हा मुलगा आणि त्याच्या शिक्षिका बोर्डाविरुद्ध कोर्टात जातात. माझ्या मते सिनेमाचा सगळ्यात दमदार भाग हाच. राजकुमार राव आणि ज्योतिका दोघंही इथे उगाच रडत नाहीत, भांडतात. आणि जिंकल्यावर बदलतो तो नियम. नियम बदलला की मागून येणाऱ्यालाही दार उघडं मिळतं.

पुढे मात्र पटकथा नियमाला विसरते. बारावीला ९८ टक्के, मग अमेरिकेतलं एमआयटी, मग स्वतःची कंपनी, विश्वास टाकणारा गुंतवणूकदार. सगळं खरं घडलेलं, त्यावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मांडणीवर. नोकरी देणारं जग जसंच्या तसं राहतं आणि नायक इतका हुशार निघतो की त्याला त्या जगाची गरजच उरत नाही. बोल्लांच्या कंपनीत अपंग कामगार काम करतात, पण त्यांच्यातल्या एकाचाही दिवस आपल्याला धड दिसत नाही.

मला इंजिनिअरिंगला साठ-बासष्ट टक्के होते. कॅम्पसमध्ये नोकरी लागली. माझ्याकडून कुणाला प्रेरणा नको होती, कोड चालला की झालं. सरासरी असण्याची ही मुभा मित्राला कोण देणार? सिनेमा नाही देऊ शकत. ते धोरणाचं काम.

म्हणून अपंग हक्क कायदा, २०१६ वाचायला घेतला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कागद वाचताना एक सवय असते: ‘केलंच पाहिजे’ कुठे आहे आणि ‘करावं’ कुठे, ते आधी बघायचं. सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखीव, हे ‘केलंच पाहिजे’. आधीच्या १९९५च्या कायद्यात ३ टक्के होत्या, आणि ते ३ टक्के नेमके कशाचे मोजायचे हा वाद २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला. म्हणजे ‘केलंच पाहिजे’ लिहूनही अठरा वर्षं. खासगी क्षेत्राबाबत कलम ३५ म्हणतं, किमान ५ टक्के कर्मचारी अपंग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, तेही आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. हे ‘करावं’सुद्धा नाही, ‘जमलं तर’ आहे.

प्रोत्साहनाची एक योजना २००८मध्येच आली होती: अपंग कर्मचाऱ्यासाठी मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय तीन वर्षं सरकार भरणार. हेतू चांगला. पण त्यामागचं गृहीतक असं की अपंग माणूस म्हणजे तोटा, आणि तो सरकारने भरून द्यायचा. मित्राची वाट अडली ती पीएफपाशी नाही.

कुठे अडली ते मला माहीत आहे, कारण ते मीच बांधलं होतं. आधीच्या कंपनीत भरतीच्या ऑनलाइन परीक्षेचं पान माझ्याकडे होतं. दिसायला छान, चित्रांची बटणं. त्या बटणांना नावं द्यायची राहिली. स्क्रीन रीडर प्रत्येक बटणावर एकच शब्द उच्चारायचा: ‘बटण’. एका उमेदवाराची तक्रार आली, तिच्यावर ‘प्राधान्य: कमी’ असा शिक्का बसला. तो मी मारला नव्हता, पण पुसलाही नाही. पुढे मित्राने तीच परीक्षा दिली. ‘बटण, बटण, बटण’ ऐकत वेळ संपला.

त्यानंतर मी ते दुरुस्त केलं. चाळीस मिनिटं लागली. कायद्यात यालाच ‘वाजवी सोयी’ म्हणतात, आणि कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं. आमचं होतं की नाही, मी कधी विचारलंच नव्हतं.

‘श्रीकांत’ बघा. कोर्टाचा भाग दोनदा बघा. आणि डोळे पुसून झाले की आपल्या ऑफिसात एचआरला एवढंच विचारा: आपलं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल?

मित्र अजून नोकरी शोधतोय. बोअरिंग, साठ टक्केवाली.