मीम, तालीम आणि शिकस्त

'मीम' म्हटले की आज मोबाइलवर फिरणारे थट्टेचे चित्र डोळ्यांसमोर येते. आपल्या उर्दूवाल्यांना तर तो लाम आणि नून यांच्यामधला हर्फच वाटेल. पण ही संज्ञा मुळात गंभीर विवेचनातून आली. रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात ती मांडली. जनुकांच्या नकला जशा पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात, तशा सुरांच्या, चालीरीतींच्या, शब्दांच्या, कल्पनांच्या नकला एका मनातून दुसऱ्या मनात जातात. नक्कल होणाऱ्या अशा सांस्कृतिक घटकाला, 'जीन'शी यमक जुळवीत, त्याने मीम म्हटले. दीर्घकाळ टिकणे, भराभर पसरणे आणि हुबेहूब उतरणे हे यशस्वी मीमचे तीन गुण त्याने सांगितले.

पुढे १९९३ मध्ये याच डॉकिन्सने धर्मश्रद्धेला मनाचा विषाणू ठरवले. त्यामुळे चिडून ही संज्ञाच झिडकारणारे आपल्यात बरेच आहेत. आम्हाला ते पटत नाही. संज्ञा कामाची आहे की नाही, हे तपासून ठरवावे.

हुबेहूब उतरणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हिफ्ज करणारा मुलगा एका जेर-जबरला चुकला तरी उस्ताद त्याला तिथेच थांबवतात. म्हणजे इथे नक्कल आपोआप होत नाही, कान देऊन बसलेला कोणीतरी ती जपत असतो.

जिथे असा पहारा नाही तिथे काय होते? उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत ती पैलवानाची आणि नाटकाची. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समझोता, मराठीत तो देऊन माणूस खुर्ची सोडतो. 'फाजिल' म्हणजे विद्वान, आणि मराठी आई लाडच फाजील करते. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव; मराठी माणूस मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो! उच्चार बहुतेक तोच, अर्थ घेणाऱ्याने नवा घडवला. मग मीम कोणता, ध्वनी की अर्थ? इथे व्याख्या लटपटते. मानववंशशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांचा आक्षेप याच जातीचा आहे: मन नक्कल करीत नाही, मिळालेले स्वतःच्या रीतीने पुन्हा रचते.

दुसरा प्रश्न निवडीचा. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि तेव्हाच त्यांनी अरबी-फारसी शब्दांविरुद्ध भाषाशुद्धीची मोहीम चालवली. 'महापौर', 'दिनांक' हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. 'महापौर' पक्का रुजला. 'दिनांक' सरकारी अर्जावर बसला (तो 'अर्ज'ही अरबीच), पण कोर्टात आणि तोंडात 'तारीख'च राहिली. मीमवाला म्हणेल, जो लायक तो टिकला. पण अर्ज कोणी छापला? 'फार्शी-मराठी कोश' रचणारे माधव ज्युलियन आधी या मोहिमेच्या विरोधात होते, नंतर तिचे पुरस्कर्ते झाले. हा काय संसर्ग म्हणायचा? तो विचारान्ती बदललेल्या एका विद्वानाचा निर्णय होता. चुकीचा, असे आमचे मत, पण निर्णय.

या सिद्धांतात माणूस म्हणजे नुसते वाहन. लाल पेन हातात असलेला माणूस त्यात दिसतच नाही. आणि ते पेन एकट्या भाषाशुद्धीवाल्यांच्या हाती होते असेही नाही. आमच्या उर्दू शाळांतून मुलांची घरची कोकणी आम्हीच पुसत असतो. 'खालिस' उर्दूचा आग्रह ही आमची भाषाशुद्धीच. ईदवरच्या मजमूनात एका मुलीने लिहिले होते की आईने सांदणे केली. आम्ही 'सांदण'खाली लाल रेघ ओढली, कारण तो शब्द उर्दूत नव्हता. पुढच्या वर्षी तिने 'शीरखुर्मा' लिहिले.