चार गुणांची चाळणी

पुस्तकाचे परीक्षण आपण नेहमी वाचतो. सरकारी फॉर्मचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. फॉर्म भरायचा असतो, वाचायचा नसतो, अशी आपली समजूत आहे. पण ज्या फॉर्मवरून कोणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचे हे ठरते, तो पाठ्यपुस्तकाइतकाच बारकाईने वाचायला हवा. या लेखात तेच करायचे आहे.

या फॉर्मचे नाव आहे ‘समुदाय आधारित मूल्यांकन तक्ता’. आरोग्य केंद्रात त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीबॅक’ म्हणतात. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याचा कार्यक्रम देशात २०१६-१७ पासून सुरू झाला. आशाताई घरोघरी जाऊन हा फॉर्म भरतात. कार्यक्रमाची ती पहिली पायरी.

फॉर्म साऱ्या देशासाठी एकच आहे. आपण तो पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर भागात नेऊन वाचू. इथे एका बाजूला १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला रसायने, रंग, औषधे, कापड व पोलाद यांची औद्योगिक वसाहत. भोवती मच्छीमारांची गावे आणि आदिवासी पाडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होते. तेव्हा ‘जास्त धोका कोणाला?’ हा प्रश्न इथे नुसता पुस्तकी राहत नाही.

चाळणीमागचे गणित

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. तोंडात जखम आहे, दोन आठवडे झाले तरी भरत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे गेला आणि रोग सापडला, तर ते लवकर निदान. काहीच त्रास नसलेल्या माणसांना बोलावून तपासले, तर ती चाळणी-तपासणी. १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीच्या कसोट्या मांडल्या. रोग महत्त्वाचा हवा, त्याची ओळखता येण्याजोगी सुरुवातीची अवस्था हवी, चाचणी सोपी हवी आणि सापडलेल्या रोगावर उपचार मिळण्याची सोय हवी, या त्यांतल्या प्रमुख.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हजार माणसांत पाचजणांना रोग आहे. चाचणी दर पाच रोग्यांमागे चौघांना बरोबर ओळखते आणि दर दहा निरोगी माणसांमागे एकावर खोटा संशय घेते. मग खरे रोगी चार सापडतील, पण ९९५ निरोग्यांपैकी सुमारे शंभरजण विनाकारण घाबरतील. संशयितांत खरा रोगी साधारण २६ जणांमागे एक.

तीच चाचणी अशा हजार माणसांवर करा, ज्यांच्यात पन्नासजणांना रोग आहे. आता खरे रोगी चाळीस सापडतील आणि खोटे संशयित ९५. म्हणजे संशयितांत दर दहामागे तीन खरे. चाचणी बदलली नाही, माणसे बदलली. जास्त धोक्याची माणसे आधी निवडावीत, यामागचे कारण एवढे साधे आहे.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात याचा प्रत्यय आला. प्रशिक्षित कार्यकर्ते नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासत होते. २००५ साली निष्कर्ष आले. सर्व लोक धरले तर मृत्यूंतली घट निश्चित म्हणण्याइतकी नव्हती, पण तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते.

फॉर्म गुण कसे देतो

फॉर्मच्या पहिल्या भागात सहा प्रश्न आहेत. वय (तिशीला १ पासून साठीनंतर ४ गुणांपर्यंत), तंबाखू (रोज घेत असल्यास २, पूर्वी घेत असल्यास किंवा अधूनमधून १), दारू (१), कमरेचा घेर (२ पर्यंत), आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी व्यायाम (१) आणि आईवडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार (२). बेरीज चारच्या वर गेली की धोका जास्त, त्या व्यक्तीला तपासणीला आधी पाठवायचे.

आता तीन काल्पनिक माणसांचे फॉर्म भरू.

पहिले पालघरचे एक शिक्षक. वय ५२, व्यसन नाही, कंबर ९८ सेंटिमीटर, चालणे कमी, वडिलांना रक्तदाब. गुण ३ + १ + १ + २ = ७.

दुसरे बोईसरचे एक निवृत्त कामगार. वय ५८. १९८८ साली विसाव्या वर्षी रंगाच्या कारखान्यात लागले. तंबाखू दहा वर्षांपूर्वी सोडली. अंगाने सडपातळ, रोज सायकल. गुण ३ + १ = ४. चारच्या वर नाहीत, म्हणून घाई नाही.

तिसऱ्या एक मासळीविक्रेत्या. वय ३८. आईला आणि थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला. रोज मिश्री लावतात. गुण १ + २ = ३. पण तंबाखूच्या मूळ प्रश्नात गुटखा आणि खैनी यांची नावे आहेत, मिश्रीचे नाही. “तंबाखू खाता का?” असे विचारले तर “नाही हो, नुसती मिश्री लावते” हे उत्तर आपल्याकडे नवे नाही. तसे झाले तर गुण उरला एक.

ज्या दोघांच्या बाबतीत कर्करोगाची शंका आधी घ्यायला हवी, तेच मागे राहिले. हा आशाताईंचा दोष नव्हे. गुण देण्याची ही रीत मुळात हृदयविकार आणि मधुमेहाला साजेशी आहे. कमरेचा घेर त्या रोगांबद्दल पुष्कळ सांगतो, पण रंगाच्या कारखान्यातल्या वर्षांबद्दल काहीच सांगत नाही.

फॉर्मची चांगली बाजू

फॉर्मचा दुसरा भाग लक्षणांचा आहे आणि तो मनापासून आवडला. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, आवाजात बदल, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव हे प्रश्न घरात बसून, ओळखीच्या बाईने विचारायचे आहेत. यांतले एकही उत्तर ‘हो’ आले की गुणांची वाट न पाहता पुढे पाठवायचे. गुण कमी असले तरी तीस वर्षांवरील कोणालाही तपासणीतून वगळायचे नाही, हेही नियमावलीत स्पष्ट आहे. गुण फक्त रांग ठरवतात.

पण ही रांग फार लांब आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया देशात फक्त १.९ टक्के होत्या. एवढ्या लांब रांगेत मागे उभे राहणे म्हणजे पुष्कळदा रांगेबाहेरच राहणे.

रांग हलली तर काय होते, हे महाराष्ट्रातच दिसले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांबरोबर प्रयोग केला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या सौम्य अॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी तपासत. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात झालेल्या प्रयोगात मात्र हीच आम्लाची तपासणी एकदाच केली, तेव्हा मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. तिथे एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदा केलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चाचणी कोणती आणि किती वेळा, यावर फळ अवलंबून असते. आपल्या कार्यक्रमात आम्लाची तपासणी पाच वर्षांतून एकदा ठरली आहे. मुंबईचे यश सांगून हे अंतर सोडून देणे बरोबर नाही.

काय राहून गेले

पहिली उणीव घराण्याची. कुटुंबाच्या प्रश्नात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहेत, कर्करोग नाही. १९९४ आणि १९९५ साली बीआरसीए नावाची दोन जनुके सापडली. त्यांतला दोष आईकडून किंवा वडिलांकडून आला, तर स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. आईला आणि बहिणीला रोग झालेल्या बाईने पन्नाशीची वाट पाहू नये, तिने तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा. त्यासाठी फॉर्ममध्ये एक ओळ पुरे.

दुसरी उणीव कामाची. फॉर्मच्या आणखी एका भागात धुराचा प्रश्न आहे. चुलीचे इंधन, पालापाचोळा जाळणे, वीटभट्टी, काचेचा कारखाना. पण तो फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी आहे आणि त्याला गुण नाहीत. रसायनांचे नाव नाही. खरे तर कामातून होणाऱ्या कर्करोगाची ओळख फार जुनी आहे. १८९५ साली जर्मनीत फ्रँकफुर्टला लुडविग रेन या शल्यविशारदाने रंग कारखान्यातल्या तीन कामगारांच्या मूत्राशयात कर्करोग पाहिला. पुढे बेंझिडीन व बीटा-नॅप्थिलअमाईन ही रसायने त्याला कारण ठरली. संपर्क आणि रोग यांत वीस-वीस वर्षे जातात. भारतात बेंझिडीनवर आधारित रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. त्याआधी रंगाच्या कामात असलेला माणूस आज साठीच्या आसपास आहे. त्याला विचारायचा प्रश्न साधा आहे. “लघवीतून कधी रक्त गेले का? दुखले नसले तरी?” फॉर्ममध्ये तो नाही.

तारापुरातच याच्या उलट उदाहरण आहे. अणुवीज केंद्रात किरणोत्सारी भागात काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रामापक बिल्ला असतो. त्याची मात्रा नोंदली जाते आणि पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत ठेवावी लागते. धोका आहे हे मान्य करून तो मोजण्याची ही शिस्त आहे. रसायनांच्या बाबतीतही १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे बंधन मालकांवर आले. पण कंत्राटी कामगार आज या कारखान्यात, उद्या त्या कारखान्यात. नोंद एका दप्तरात राहते आणि शरीर दुसरीकडे जाते. निदान आशाताईंच्या फॉर्ममध्ये तरी ‘कोणते काम, किती वर्षे’ एवढे लिहिले गेले पाहिजे.

मग सर्वांच्या सर्व चाचण्या कराव्यात?

नाही. वरचे गणित पुन्हा आठवा. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी सरसकट चाळणी-तपासणीने जीव वाचतात, असे सिद्ध झालेले नाही. तिथे कामाची नोंद, लक्षणाची चौकशी आणि मुळात विषारी संपर्क कमी करणे हेच उपाय. ‘एका रक्ताच्या थेंबात सर्व कर्करोग’ अशा जाहिरातींची तपासणी-पॅकेजे तर विल्सन-युंगनरच्या कसोट्यांना उतरत नाहीत. मुंबईच्या प्रयोगातही हाताने केलेल्या स्तनतपासणीचा निकाल २०२१ साली आला, तेव्हा मृत्यूंतली घट (सुमारे ३० टक्के) पन्नाशीपुढच्या स्त्रियांत दिसली, त्याआधीच्या वयात नाही.

शेवटची कसोटी उपचारांची. संशय आला तर पुढे कुठे? बोईसरहून परळ सुमारे शंभर किलोमीटर आहे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, तरी रोजंदारीवरच्या माणसाचा एका खेपेला पूर्ण दिवस बुडतो, आणि खेपा अनेक असतात. ‘पुढे पाठवले’ या रकान्याशेजारी ‘पोहोचले का?’ हाही रकाना हवा.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून दहा काल्पनिक माणसांचे फॉर्म भरून घ्या. माणसे गावातल्या कामधंद्यांवरून निवडावीत. कोणाला आधी पाठवायचे हे मुलांनी आधी स्वतःच्या विचाराने ठरवावे, मग गुण मोजावेत. दोन्ही याद्या कुठे जुळत नाहीत, त्यावर चर्चा करा. खऱ्या माणसांची माहिती वर्गात आणू नये. आणि घरी गेल्यावर एवढे मात्र प्रत्येकाने विचारावे की आपल्या घरातल्या तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरला आहे का. भरला नसेल तर आशाताईंना बोलवावे, आणि फॉर्ममध्ये न विचारलेली, पण सांगण्यासारखी गोष्ट त्यांना आपणहून सांगावी.