निवडयादी आणि मातृभाषेचा रकाना

पुनःपुन्हा वापरावयाच्या संगणकीय नमुना-पृष्ठात ड्रॉपडाउन, म्हणजे निवडयादी, घातली की लेखनभेद मिटतात व मोजणी सुकर होते, हे निर्विवाद आहे. परंतु मातृभाषेच्या रकान्यास हा न्याय लावता येईल काय? २०११ च्या जनगणनेत हे उत्तर शब्दांत लिहून घेतले गेले; १९,५६९ कच्च्या नोंदींतून १,३६९ मातृभाषा पुढे निश्चित झाल्या. लमाणी हिंदीच्या गटात घातली गेली. परंतु तिची संख्या स्वतंत्र नोंदलेली असल्यामुळे त्या निर्णयाची चिकित्सा करता येते. जालना जिल्ह्यातील केदारखेड्याच्या एखाद्या घराने सांगितलेले नाव यादीतच नसेल, तर साक्षीपूर्वीच निवाडा होतो. यादी अवश्य असावी. मात्र तिच्या शेवटी ‘अन्य’पुढे कोरी ओळ असावी आणि तीतील मूळ उत्तर जसेच्या तसे जतन व्हावे.