कँटनची चहादाणी

पाश्चात्त्य गिऱ्हाइकांकरितां चिनी कारागिरांनीं घडविलेल्या चांदीच्या भांड्यांविषयीं रसिकांचें एक ठरीव मत आहे: जुनीं भांडीं म्हणजे इंग्रजी नमुन्यांची नक्कल, मागाहूनचीं म्हणजे ड्रॅगनांची गर्दी, अस्सल कला दोहोंतही नाहीं. हें मत आम्हांस अर्धेंच मान्य आहे.

१७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांस चीनमध्यें कँटन हें एकच बंदर मोकळें होतें. तेथील सोनार विलायती चहादाणी समोर ठेवून तशीच दुसरी घडवीत. इतकी हुबेहूब, कीं तळाशीं सिंहाचे व राजमुखाचे इंग्रजी छापही उठवीत. (त्या सिंहास तेथें कोणी ओळखत असेल काय!) पुढें नानकिंगच्या तहानें पांच बंदरें खुलीं झालीं आणि हळूहळू गिऱ्हाइकाची रुचि पालटली. त्यास आतां मेजावर ‘चीन’ दिसावयास हवा होता. वांग हिंगसारख्या पेढ्यांच्या मालावर ड्रॅगन, वेळू व शेवंती यांची दाटी झाली ती यामुळें. मिरजगावास चांदीचें फुलपात्र घडवून घेणारा मनुष्य सोनारापुढें बसून घाट ठरवितो. कँटनच्या कारागिरानें आपलें भांडें ज्या मेजावर जावयाचें तें मेज कधीं पाहिलेंच नाहीं. हा भेद टीकाकार विसरतात.

शिवाय ‘बाजारी माल’ म्हणून नाक मुरडण्यापूर्वीं आम्हीं थोडें आपल्या घरीं पाहावें. हीं भांडीं पुष्कळदां स्पॅनिश व मेक्सिकन डॉलर वितळवून घडत. मुंबईहून जाणाऱ्या माळवी अफूची किंमतही चीनमध्यें चांदींतच चुकती होई. चीनच्या पांच सफरी केलेल्या जमशेटजी जीजीभाईंची संपत्ति त्या व्यापारांतली, आणि त्यांच्याच लाख रुपयांच्या देणगींतून मुंबईची कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली.

तेव्हां परीक्षा भांड्याचीच व्हावी. चहादाणीच्या पोटावर उगाच चिकटविलेला ड्रॅगन ही दुकानाची पाटी होय. तिचें कौतुक आम्ही करणार नाहीं. परंतु तोच ड्रॅगन पाठ वांकवून मूठ होतो, किंवा वेळूचीं पेरें बोटांस आधार देतात, तेथें अलंकार व उपयोग एकजीव झालेले असतात. अशा मुठीच्या दोन्ही टोकांशीं कारागीर हस्तिदंती चकत्या बसवी. चहाच्या ऊनपणाचा चटका हातास लागूं नये म्हणून.