आचार्याची बंद मूठ आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदास स्पष्ट केले होते, की धम्म सांगताना आपण ‘आचरियमुट्ठि’, म्हणजे काही राखून ठेवणारी आचार्याची बंद मूठ, ठेवलेली नाही. हा निकष आजच्या विद्यापीठीय संशोधनास लावून पाहणे आवश्यक आहे.

एक मूठ निश्चितच उघडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याचे बंधन घातले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारातील पाच लाखांहून अधिक प्रबंध आज कोणासही विनामूल्य वाचता येतात. मात्र मराठीतील अनेक प्रबंध केवळ पानांच्या छायाचित्रांच्या रूपात असल्याने त्यांत शब्द शोधता येत नाही. एखाद्या पाली संज्ञेचा मागोवा घेणाऱ्यास ही अडचण पदोपदी जाणवते.

नियतकालिकांतील शोधनिबंधांची स्थिती निराळी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा आवाका. लहान गावातील शासकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यास तिचा मोठा लाभ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु येथे अधिकार मिळतो तो संस्थेच्या सदस्यास, वाचकास नव्हे. विहारात सायंकाळी पालीचा वर्ग घेणारा निवृत्त कामगार या व्यवस्थेत बसत नाही. ज्या करातून ही वर्गणी भरली जाते, तो कर मात्र त्यानेही भरलेला असतो.

याहून गंभीर बाब अशी, की आपल्या वस्त्यांतील उपासिकांच्या मुलाखती व गीते यांवर निबंध लिहिले जातात आणि ते त्या उपासिकांच्या मुलींनाच वाचता येत नाहीत. ज्यांच्याविषयी ज्ञान निर्माण झाले, त्यांनाच ते पारखे होते. मग त्यातील चूक दाखविणार कोण?

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन व भाषणांच्या पहिल्या खंडात समाविष्ट केला. विद्वानांच्या नियतकालिकातील लेखन सामान्य वाचकापर्यंत नेणे हे शासनाचे कार्य ठरू शकते, याचा हा पुरावा होय.

म्हणून विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बाहेरील वाचकास ओळखपत्र दाखवून बसण्याची व संगणकावर निबंध वाचण्याची सोय हवी. १९६७ च्या अधिनियमाखालील सार्वजनिक ग्रंथालयांपर्यंतही ती पोहोचावी. आणि आपल्यातील संशोधकांनी शासनाची वाट न पाहता, प्रकाशकाची अनुमती असेल तेथे निबंधाची प्रत व त्याचा मराठी सारांश जवळच्या विहाराच्या ग्रंथालयात ठेवावा. मूठ उघडण्याचा प्रारंभ आपल्या हातापासूनच करावयास हवा.