पृष्ठचित्र आणि पोत : संगणकीय खेळांतील भिंती व नगरचा काळा दगड

१

मराठीत ‘पोत’ हा शब्द कापडाला लागतो तसाच जमिनीलाही लागतो. कापडाचा पोत म्हणजे त्याच्या विणीचा डोळ्यांना व बोटांना होणारा बोध. जमिनीचा पोत म्हणजे तिच्या कणांची घडण आणि पाणी धरण्याचे वा सोडण्याचे तिचे सामर्थ्य. दोन्ही ठिकाणी वर जे प्रत्ययास येते ते आतील रचनेचे फळ आहे, ही जाणीव या शब्दात गृहीत आहे. संगणकीय खेळ तयार करणाऱ्यांच्या व्यवहारात मात्र ‘टेक्स्चर’ हा शब्द आतील रचनेपासून सर्वस्वी अलग केलेल्या बाह्य पृष्ठासाठी वापरला जातो. खेळातील भिंत म्हणजे काही त्रिकोणांची एक पोकळ घडी होय. तिला दगडपण येते ते तिच्यावर चढविलेल्या चित्रामुळे. यास्तव प्रस्तुत लेखात या चढविलेल्या चित्रास ‘पृष्ठचित्र’ म्हटले आहे, आणि ‘पोत’ हा शब्द प्रत्यक्ष वस्तूच्या गुणासाठी राखून ठेवला आहे. पृष्ठचित्राने पोत कितपत आणि कोणत्या मार्गाने सांगावा, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

या तंत्राचा इतिहास फार जुना नाही. संगणकाने रेखलेल्या वक्र पृष्ठावर चित्र बसविण्याची रीत एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मांडली. मूळ आकारात काहीही बदल न करता केवळ प्रकाशाच्या गणितात फेरफार करून पृष्ठ उंचसखल भासविता येते, हे जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली दाखविले. आजचे पृष्ठचित्र हे एक चित्र नसून अनेक थरांचा संच असतो : एका थरात केवळ रंग, दुसऱ्यात उठाव, तिसऱ्यात खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा. शिंपी अंगाच्या मापाने सपाट कापड बेततो, त्याच्या उलट क्रमाने येथे घन आकार उलगडून सपाट केला जातो, आणि त्या सपाट बेतावर हे थर रंगविले जातात.

ही विद्या केवळ व्यावसायिकांकडे राहिली नाही, हे विशेष होय. १९९३ साली निघालेल्या ‘डूम’ या खेळाची चित्रसामग्री मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या धारिकेत ठेवलेली असल्याने खेळणाऱ्यांना आपली चित्रे तेथे घालता आली. ‘माइनक्राफ्ट’मध्ये एका ठोकळ्याची एक बाजू मुळात १६ × १६ बिंदूंची असते, ती बदलणे शाळकरी मुलासही साधते. स्वतःचे पृष्ठचित्र रचणे ही आज अनेक तरुणांची पहिली चित्रकृती असते. म्हणूनच तिची चिकित्सा साहित्य व भाषा यांच्या अभ्यासकांनी टाळू नये.

२

पृष्ठचित्र रचण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे भिंतीचे छायाचित्र घेऊन तेच चढविणे. हा मार्ग का फसतो, हे पाहिले म्हणजे विषयाचे मर्म हाती येते. दुपारी घेतलेल्या छायाचित्रात दुपारच्या सावल्या असतात. खेळात सूर्य मावळतीला असला तरी भिंतीवर मध्यान्हीची सावली तशीच चिकटून राहते. शिवाय एका छायाचित्राची फरशीसारखी पुनरावृत्ती केली, की त्यातील एखादा पांढरा डाग दर चार हातांवर पुन्हा पुन्हा दिसू लागतो, आणि भिंत खोटी असल्याचे तो डागच सांगतो.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास यात एक परिचित भेद आढळेल. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण व्यक्तीची विशिष्ट उक्ती आणि तिच्यामागील भाषाव्यवस्था यांत फरक करीत आलो आहोत. छायाचित्र ही उक्ती आहे : एका क्षणी, एका उजेडात, एका भिंतीने उच्चारलेली. पृष्ठचित्र ही व्यवस्था असावी लागते. कोणत्याही उजेडात आणि कितीही वेळा वापरले तरी त्याने तोच दगड सांगितला पाहिजे. उक्तीकडून व्यवस्थेकडे जाताना बरेच काही गाळावे लागते. काय गाळावे आणि काय ठेवावे, या निर्णयातच पृष्ठचित्रकाराची कला आहे.

निर्णयाचे गमकही भाषाविज्ञान पुरविते. दोन ध्वनींमधील प्रत्येक फरक आपण स्वनिम म्हणून नोंदवीत नाही. जो फरक अर्थ बदलतो तोच नोंदवितो. पृष्ठाच्या बाबतीतही जो फरक स्थळ, काळ किंवा उपयोग बदलतो तो व्यवच्छेदक होय, उरलेला आगंतुक. तयार पृष्ठचित्रांच्या संग्रहात ‘जुना दगड’ या नावाखाली जे मिळते त्यात आगंतुक तपशील विपुल असतात. भेगा, शेवाळ, ओघळ, काहीही कमी नसते. कमी असते ते व्यवच्छेदक लक्षण. त्यामुळे तो दगड कोठलाही असू शकतो आणि कोठलाच नसतो.

३

या कसोटीवर महाराष्ट्रातच घडलेल्या एका कृतीचा विचार करू. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या वास्तूंना राजस्थानातील मध्ययुगीन बांधकामाचा आधार आहे, आणि पृष्ठे पहाडी चित्रशैलीच्या प्रेरणेने हातांनी रंगविलेली आहेत. छायाचित्रणाच्या हुबेहूबपणाचा मोह टाळून रंगविणाऱ्या हाताची खूण पृष्ठावर ठेवण्याचा निर्णय या कृतीस मोठे बळ देतो. भिंत पाहताच ती कोणीतरी रंगविली आहे हे जाणवते. आणि देवकथांच्या जगात हे जाणवणे उचितच ठरते. जेथे भिंतींवरील चित्रे स्वतःच कथा सांगू लागतात, तेथे पृष्ठचित्र हे सजावट न राहता निवेदनाचे अंग बनते. एवढ्यावरून हा खेळ आपल्याकडील या क्षेत्रातील महत्त्वाची कृती मानण्यास हरकत नाही.

तथापि त्याची मर्यादाही याच निर्णयात आहे. राजस्थानच्या वास्तूच्या देहावर हिमालयाच्या पायथ्याची चित्रत्वचा येते, तेव्हा जे स्थळ निर्माण होते ते ‘भारत’ या सामान्यनामाचे असते. पौराणिक कथेला ते चालते. तिला विशिष्ट गाव नकोच असते. परंतु ही रीत अनुकरणाने सार्वत्रिक झाली, तर तांबूस वालुकाश्म म्हणजेच भारतीय प्राचीनता असे समीकरण रूढ होईल. ज्या पुण्यात हा खेळ घडला त्याच्या भोवतीचा डोंगर काळ्या बेसॉल्टचा आहे. हा दगड खेळांत यावयाचा झाल्यास त्याची व्यवच्छेदक लक्षणे कोणीतरी आधी मांडली पाहिजेत.

४

या कामास अहमदनगर जिल्हा फार सोयीचा आहे. (२०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले.) सर्वत्र मूळ खडक एकच, दख्खनचा बेसॉल्ट, पण त्याचे पोत अनेक. एकच द्रव्य आणि भिन्न पृष्ठे, अशी ही जवळजवळ प्रयोगशाळेतील परिस्थिती आहे.

नगर शहर व परिसरातील निजामशाही काळाच्या तीन इमारती घेऊ. दमडी मशिदीत (सुमारे १५६७) दगडावर सूक्ष्म कोरीवकाम आहे. तेथे पृष्ठाचा अर्थ उठावाच्या थरात आहे. रंगाचा थर जवळजवळ मुका ठेवला तरी चालेल. फराहबाग (सुमारे १५८३) दगडचुन्याच्या बांधणीची असून तिच्यावर गिलावा होता. गिलावा गळाला तेथे आतील ओबडधोबड दगड उघडा पडला आहे. येथे अर्थ दोन पृष्ठांच्या सीमेवर आहे. गिलाव्याची तुटलेली कड चुकली तर फराहबाग चुकली. शाह डोंगरावरील सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, ही अष्टकोनी व तीन मजली इमारत अलंकाराविना उभी आहे. तेथे पृष्ठाचा अर्थ चिऱ्यांच्या मापात आणि त्यांमधील दर्जांच्या रेषांत आहे. तिच्यावर ‘प्राचीन भारतीय’ नक्षी चढविणे म्हणजे तिचे वाक्यच बदलणे होय.

दुसरा भेद पावसाचा. नगर शहराकडे वर्षाकाठी सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे त्याच्या कित्येक पट. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचा दगड पावसाळ्यात शेवाळाने हिरवट व ओला असतो. नगरकडील भिंतीवर शेवाळाऐवजी धूळ बसते. शेवाळ खाचेत आणि सावलीच्या अंगाला वाढते, धूळ आडव्या कडांवर साचते. तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच ‘जुनेपणाचा’ थर वापरणारा पृष्ठचित्रकार सह्याद्री आणि अवर्षणप्रवण पठार यांतील भेद पुसून टाकतो. या जिल्ह्याचे अर्धे समाजजीवन ज्या भेदावर उभे आहे तोच हा भेद होय.

तिसरा भेद स्पर्शाचा. पायरी, उंबरठा, ओटा येथील दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी व हातांनी गुळगुळीत होतो, आणि त्याच इमारतीच्या छताखालील दगड टाकीचे घाव जसेच्या तसे राखतो. हा भेद केवळ खरखरीतपणाच्या थरात नोंदविता येतो. रंगात तो दिसत नाही. माणसे कोठे बसली, कोठून चालली, हे सांगण्याची शक्ती या एका थरात आहे आणि बहुधा तोच सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो.

५

पृष्ठावरील लेखनाचा विचार वेगळा करावयास हवा. देवनागरी १९९१ सालापासून युनिकोडमध्ये आहे; तरी अक्षरजुळणीची व्यवस्था नसलेल्या खेळयंत्रात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे पडतो आणि जोडाक्षरे सुटी होतात. हे टाळण्यासाठी पाटी, फलक किंवा शिलालेख यांची अक्षरे पृष्ठचित्रातच रंगविली जातात. त्यामुळे एक अडचण मिटते व दुसऱ्या दोन उद्भवतात. जागा वाचविण्यासाठी इमारतीच्या दोन बाजूंना एकाच चित्राचा आरसा लावण्याची प्रथा आहे. नक्षीला ते चालते, अक्षर मात्र उलटे होते. आणि पुनरावृत्त होणाऱ्या भिंतीत लेख असला, तर तोच लेख दर पाच पावलांनी वाचावा लागतो.

परंतु खरी चूक तंत्राची नसून लिपीज्ञानाची असते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत. ‘ळ’ हा मराठी पाटीचा ओळखीचा वर्ण आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत रफाराच्या आकाराने अर्थ बदलतो. तयार अक्षरसंचात हे भेद नसले, तर नगरच्या बाजारपेठेची पाटी परप्रांतीय दिसते, जरी तिच्यावरील शब्द मराठी असले तरी. तसेच मराठेशाहीचा आभास निर्माण करण्यासाठी दगडी भिंतीवर मोडी रंगविण्याची कल्पना आकर्षक वाटते. पण मोडी ही प्रामुख्याने कागद आणि बोरू यांची लिपी होय, शिलालेखांत ती अपवादानेच आढळते. अक्षर कोणत्या पृष्ठावर वसते, हाही त्याच्या अर्थाचा भाग आहे. नेवाशाच्या ज्या खांबाशी ज्ञानेश्वरीच्या निरूपणाची परंपरा निगडित आहे त्याच्यावरही कोरीव लेख आहे. तेथील अक्षर दगडात खोल गेलेले आहे. त्याचे पृष्ठचित्र करणाऱ्याने ते काळ्या रंगाने लिहिले, तर अक्षरे बरोबर असूनही लेख खोटा ठरेल.

६

येथे एक आक्षेप संभवतो. खेळणारा भिंतीसमोर उभा राहून ती वाचीत नाही; तो धावत असतो, लढत असतो. मग इतक्या सूक्ष्मतेचा उपयोग काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो वरील सिद्धांतास पोषकच आहे. धावत्या डोळ्यास आगंतुक तपशील दिसत नाहीत. दिसतात ते मोजके भेदच. बोलण्याच्या ओघात श्रोता प्रत्येक ध्वनी तपासीत नाही, तरी परक्या वळणाचा उच्चार त्यास तत्काळ जाणवतो. तात्पर्य, अधिक बिंदूंचे पृष्ठचित्र हे अधिक सत्य असतेच असे नाही. १६ × १६ बिंदूंच्या ठोकळ्यातही चिरा आणि दर्ज यांचे प्रमाण साधले तर नगरचा दगड ओळखू येईल. ४०९६ × ४०९६ बिंदूंच्या आयत्या चित्रात तो येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही स्थलनिष्ठा म्हणजे प्रादेशिक अभिमानाचेच नवे रूप होय. तसे नाही. कल्पित नगरी रचणाऱ्यास येथील दगड वापरण्याचे बंधन नाही. परंतु निवड करावयाची तर पर्याय ठाऊक असावे लागतात. आणि पर्याय ठाऊक असणे हे बऱ्याच अंशी त्यांना नावे असण्यावर अवलंबून असते.

येथेच हा विषय आपल्या विभागाच्या कक्षेत येतो. विहीर खणणारा काळा पाषाण, मांजऱ्या आणि मुरूम यांत भेद करतो. पाथरवट घडीव व अनघड, चिरा व दर्ज, टाकीचा घाव व घोटलेला दगड हे वेगळे ओळखतो. गवंडी गिलाव्याचे थर नावांनी सांगतो. पृष्ठचित्रकारास ज्या व्यवच्छेदक लक्षणांची गरज आहे त्यांचे पृथक्करण या व्यवसायांच्या बोलींनी पूर्वीच करून ठेवले आहे. हे शब्द बोलणारे हात यंत्रकामामुळे कमी होत आहेत, आणि शब्द गेला म्हणजे त्याने दाखविलेला भेदही दिसेनासा होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तालुकावार अशा शब्दांचा संग्रह करावा, प्रत्येक शब्दासोबत त्या पृष्ठाचे छायाचित्र, स्थळ, ऋतू आणि उजेडाची वेळ नोंदवावी. असा संग्रह बोलीकोशास उपयोगी पडेल हे उघड आहे. पण जिल्ह्यातील एखादा तरुण स्वतःचा खेळ रचावयास बसेल, तेव्हा ‘जुना दगड’ या एका आयत्या शब्दाऐवजी त्याच्यापुढे दहा-वीस नेमके शब्द असतील, हा त्याचा अधिक निकडीचा लाभ होय. या कामाचा आरंभ अकोले आणि नगर या दोन तालुक्यांपासून करणे इष्ट ठरेल, कारण एकाच दगडाची दोन टोके तेथे एका जिल्ह्याच्या हद्दीत सापडतात.