धुराचा पत्ता

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. एवढ्या काळात एकाही लेखकाने माझे मत विचारून पुस्तक लिहिले नाही, आणि एकाही वाचकाने ते विचारून विकत घेतले नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात चिमणी घ्यायचे ठरले आणि हिने "तुम्हाला काय वाटतं?" असे विचारले, तेव्हा मी हुरळून गेलो.

चिमणी म्हटले की आमच्या पिढीला तीन गोष्टी आठवतात. एक दाणे टिपणारी, दुसरी घासलेट पिणारी, तिसरी गिरणीची, धूर ओकणारी. ही चौथी मात्र धूर खाणारी. दुकानात गेल्यावर कळले की हिच्यातही दोन पंथ आहेत : डक्टवाली आणि बिनडक्टची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर बहिर्मुख आणि अंतर्मुख. बहिर्मुख चिमणी धूर ओढते, जाळीत तेल अडवते आणि उरलेली हवा सहा इंची नळीतून घराबाहेर सोडते. अंतर्मुख चिमणीही धूर ओढते, तेल अडवते. मग वास कोळशाच्या फिल्टरमध्ये जिरवते आणि हवा पुन्हा खोलीतच सोडते. आत्मचिंतन म्हणतात ते हेच!

विक्रेता तरुण आणि तरबेज होता. त्याने जाळीखाली कागद धरला. कागद चट्‌कन वर चिकटला. "बघा सर, सक्शन!" मग दुसरीला धरला. तिथेही चिकटला. मी जाणकारासारखी मान डोलावली.

"कागद चिकटला हो," ही म्हणाली, "पण हवा गेली कुठं?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

मत मात्र मी अंतर्मुख चिमणीलाच दिले. एक तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाहेरच्या भिंतीला भोक पाडू देत नाहीत. इमारतीचा चेहरा बिघडतो म्हणतात. दुसरे म्हणजे नळी नाही, वळण नाही, गवंडी नाही. देखणी, काळी, काचेची वस्तू. तिचे मुखपृष्ठ पाहूनच मी भारावून गेलो होतो.

पहिले दोन-तीन महिने मी विजयी वीरासारखा वावरलो. हिंग-लसणाची फोडणी बसली तरी बैठकीच्या खोलीत कळत नसे. मग हळूहळू पुन्हा कळू लागली. कोळशाचे पोट भरले होते. मी तो फिल्टर काढून साबणाने धुतला आणि उन्हात वाळत घातला. नंतर माहितीपुस्तक वाचले. (परीक्षकाची जुनी खोड!) तेलाची जाळी गरम पाण्याने धुवायची असते, आमचा कोळसा मात्र टाकून द्यायचा आणि नवा आणायचा, दर काही महिन्यांनी.

"बाकी झकास आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला वास यायचा, तो गेला होता," ही म्हणाली. "मला उकाडा व्हायचा, तो होता तिथंच आहे."

आणि त्या रविवारी तिने पुऱ्या तळायचे काम माझ्याकडे दिले. मे महिना होता. बाराव्या पुरीला चष्म्यावर वाफ धरली, विसाव्याला बनियन अंगाला चिकटले, आणि डोक्यावर चिमणी घोंघावत माझीच गरम हवा मला साभार परत करीत होती. गॅस जळला की उष्णता होते, पाण्याची वाफ होते, कार्बन डायऑक्साइड होतो, थोडा नायट्रोजन डायऑक्साइडही होतो. कोळसा वास धरतो. उष्णता आणि वाफ धरत नाही, आणि या वायूंसाठी त्याच्या भरवशावर राहता येत नाही. ही रात्री खोकते ते मी इतके दिवस हवापालटावर ढकलत होतो. हवा पालटतच नव्हती!

बहिर्मुख पंथही सोवळा नाही. खोक्यावर ताशी बाराशे घनमीटर लिहिलेले असते, पण नळी लांबली की ओढ कमी होते, आणि प्रत्येक वळण आपला कर घेतेच. सगळी खिडक्यादारे गच्च लावून बसलात तर बाहेर काढायला हवा यायची कुठून? एखादी फट हवीच. शिवाय नळीचे तोंड शेजाऱ्याच्या बाल्कनीत उघडले, तर तुमच्या बोंबलांच्या कालवणाची समीक्षा जिन्यात होते. पण या दोषांवर इलाज आहे : शेगडी बाहेरच्या भिंतीलगत, नळी आखूड नि सरळ. घरातली हवा घरातच फिरवणे हा दोष नाही, तो त्या दुसरीचा स्वभाव आहे. नळी नेणे जमतच नसेल, तर खिडकीतला साधा एक्झॉस्ट पंखा बरा. दिसायला गावंढळ, पण हवा बाहेर टाकतो.

शेवटी तोड हिनेच काढली. आमची चिमणी दोन्ही पद्धतींनी चालणारी निघाली. सुताराने खिडकीची वरची एक काच काढली, तिथे भोकाची फळी बसवली आणि एकाच वळणात नळी बाहेर गेली. कोळशाला रजा मिळाली. सेक्रेटरींनी खालून बराच वेळ निरीक्षण केले. पण नियम भिंतीबद्दल होता, काचेबद्दल नव्हता.

हिचा खोकला बराच कमी आहे. रविवारच्या पुऱ्या मात्र माझ्याकडेच राहिल्या. वस्तूचे परीक्षण तिच्याखाली उभे राहून करावे, असे हिचे मत आहे.

एक खर्च तेवढा वाढला. परवा वरच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "काय गं, आज भरली वांगी का?"

ही माझ्याकडे बघून हसली आणि वाटी भरायला घेतली. धूर बाहेर पाठवायचा म्हणजे टपालखर्च आलाच.